तंबूची जागा

नागपूरहून पूर्वेकडे जाणारा हमरस्ता भंडारा शहर मागे टाकून कारध्याजवळ वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र ओलांडतो आणि लाखनी, साकोली या गावांच्या दिशेने पुढे जातो. या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात ती धानाची शेते. लहान लहान धुऱ्यांनी विभागलेल्या त्या तुकड्यांना इकडे 'बांधी' असे म्हणतात. पावसाळ्यात त्या हिरव्यागार असतात. मार्गशीर्षात धान कापून झाले की तेथे नुसती पिवळी धसकटे उरतात. पुढे क्षितिजावर गायखुरीच्या डोंगरांची निळसर रेघ उमटू लागते, झाडी दाट होते आणि त्या झाडीच्या फटींतून मधूनच पाणी चमकून जाते. एक तलाव नीट पाहून होतो न होतो तोच दुसरा समोर येतो. एखाद्या गावाला मोठा तलाव, तर एखाद्याला नुसती लहानशी 'बोडी'. पण पाण्याचा काहीच साठा नाही असे गाव या भागात शोधूनच काढावे लागेल.

हे तलाव निसर्गानेच निर्माण केले असावेत, असे पाहणाऱ्याला वाटते. भोवती डोंगर असतात, काठावर रान असते, पाण्यात कमळे फुललेली असतात. माणसाच्या हाताची खूण सहजासहजी दिसत नाही. परंतु यांतील बहुतेक तलाव माणसांनी बांधलेले आहेत. कोहळी समाजातील लोक या विद्येत फार निष्णात होते. पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून येते, ते कोठे अडवावे, मातीची पाळ किती उंच घालावी, जास्तीचे पाणी कोणत्या अंगाने सोडून द्यावे, हे त्यांना कोणत्याही यंत्रावाचून कळत असे. दोन टेकड्यांमधली फट पाळीने बंद केली की बाकीच्या भिंती डोंगरच पुरवीत. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. तेथल्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात, आणि तलाव बांधणाऱ्या कोलू पाटलांना तर त्यांनी कोलासुर या नावाने देवच करून टाकले आहे. हा तलाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो त्या जिल्ह्यात मोडतो.

इंग्रजी अमदानीत गावोगावचे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, आणि हे तलाव सरकारी कागदपत्रांत 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नावाने नोंदले गेले. बोलताना एवढे मोठे नाव कोण घेणार? लोकांनी दोन आद्याक्षरे उचलली आणि त्यांना 'मामा तलाव' करून टाकले. परगावचे मूल हे नाव प्रथम ऐकते तेव्हा त्याला हसू येते. तलावाचा आणि आईच्या भावाचा काही संबंध नाही, हे सांगूनही त्याला पटत नाही. आणि खरे सांगायचे तर, गावाला वर्षभर जेवू घालणाऱ्या तलावाला मामा म्हटले तर बिघडले कोठे?

अशा मुलखात हिंडावयाचे तर आपला मुक्काम आपल्याबरोबर असलेला बरा. दोन खांबांची एक राहुटी, चार तणावे, आठ मेखा, एक पातेले आणि पांघरूण एवढे सामान असले की दिवस कोठेही मावळला तरी चिंता नाही, असे नवख्या प्रवाशाला वाटते. चिंता नसते हे खरे. पण प्रश्न असतो. राहुटी उभारावयाची कोठे?

काही जागांचा निकाल कायद्यानेच लावलेला आहे. नागझिऱ्याचे रान १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगावचे १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ मध्ये या दोन्ही रानांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. भंडारा शहराच्या ईशान्येचे कोक्याचे रानही त्याच वर्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा रानांत परवानगीवाचून पाऊल ठेवता येत नाही. मग मनाला येईल तेथे तंबू ठोकण्याची गोष्ट दूरच राहिली. तेव्हा प्रवाशाने रानात दिवसा, वनखात्याने घालून दिलेल्या वाटेने, वाटाड्याला बरोबर घेऊन जावे, आणि रात्री रानाबाहेर, एखाद्या गावच्या शिवारात, गावकऱ्यांना विचारून मुक्काम करावा. गाव आले म्हणजे गावचा तलाव आला, आणि तलाव आला म्हणजे काठावर राहुटी ठोकण्याचा मोहही आला.

हा मोह स्वाभाविक आहे. संध्याकाळची वेळ असते. पाणी तांबूस झालेले असते. हिमालयापलीकडून आलेले कादंब हंस आणि चक्रवाक पाण्यावर तरंगत असतात. काठाची जमीन सपाट, मऊ आणि मोकळी असते. जणू ती तंबूसाठीच करून ठेवली आहे. सकाळी दार उघडताच पाणी दिसावे, हात लांब करताच लोटा भरावा, यापेक्षा अधिक सुख ते कोणते?

पण ती सपाट, मोकळी जमीन मोकळी का आहे, हे आधी पाहिले पाहिजे. दिवाळीनंतर तलावाचे पाणी ओसरू लागते. पाळीच्या पोटात एक दरवाजा असतो. त्याला इकडे 'तुडूम' म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांनी असलेली त्याची तोंडे एकामागून एक उघडून पाणी पाटात सोडतात. पाणी जसजसे खाली जाते तसतसा गाळ उघडा पडतो. त्या ओल्या, कसदार गाळावर गावातील माणसे काही ना काही पेरतात. वर अजून कोंब आलेला नसतो म्हणून ती जमीन परक्याला पडीक दिसते. वस्तुतः ते कोणाचे तरी शेत असते. जेथे पेरलेले नसते तेथे दुसरे वाटेकरी असतात. संधिप्रकाशात चितळे आणि रानडुकरे पाण्यावर येतात, आणि ती कोठूनही येत नाहीत. त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. रानातून निघालेल्या अनेक बारीक वाटा पाण्याजवळ एकत्र मिळतात आणि जेथे उतार सोपा असतो तेथे पाण्याला भिडतात. सोपा उतार म्हणजे माणसालाही आवडणारी जागा! तेथे राहुटी उभी राहिली तर त्या रात्री रानातील कितीतरी जीव तहानलेले परत जातात. पक्ष्यांचेही तेच. चुलीचा धूर आणि माणसांचा गलका यांनी बदके उठतात आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. ज्यांना पाहण्यासाठी शेकडो मैलांवरून यावे, त्यांनाच आल्याबरोबर हाकलून द्यावे, हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे. सारस तर महाराष्ट्रात आता गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांखेरीज क्वचितच दिसतो. माणसाच्या शेतात घरटे करण्याइतका तो धीट आहे. पण धीट पाहुण्यालाही किती छेडावे याला मर्यादा आहे.

शिवाय काठावर थंडी अधिक बाधते. याचे कारण समजण्याजोगे आहे. सूर्य मावळला की डोंगराच्या उतारावरील जमीन लवकर निवते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. पाणी जसे उतारावरून खाली वाहते, तशी ती हवा सावकाश खाली सरकते आणि सखल जागी साचून राहते. तेथे तलावाची वाफ तिला भेटते. मग दव पडते, पहाटे धुके होते. भंडाऱ्याकडे पौषात रात्रीचे तापमान कधी कधी दहा अंशांच्याही खाली जाते. अशा रात्री काठावर झोपलेल्या माणसाचे पांघरूण सकाळी पिळून काढावे इतके ओले झालेले असते, आणि त्याच वेळी शंभर पावले वर, झाडाखाली झोपलेला मनुष्य कोरडा असतो. झाडाची पाने जमिनीची ऊब सहसा वर जाऊ देत नाहीत, म्हणून झाडाखाली दव कमी.

झाड कोणते, हेही पाहावे लागते. ऐन, आंबा, चिंच यांची सावली चांगली. मात्र वर वाळकी फांदी नाही ना, हे मान वर करून पाहावे. बांबूच्या बेटाजवळ वाळलेला पाला फार, तेथे विस्तव नको. वारुळाशेजारी तर मुळीच नको. तेथे नाग राहतो, आणि वाळवी खाण्यासाठी अस्वल येते. मोहाच्या झाडाची गोष्ट निराळी आहे. हिवाळ्यात त्याच्याखाली झोपावयास हरकत नाही. परंतु फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की पहाटे उजाडण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली हजर होतात. त्या दिवसांत प्रत्येक झाडाला वेचणारे ठरलेले असतात, आणि ती फुले विकून घरात मीठमिरची येते. अस्वलालाही मोह फार आवडतो. ते माणसांच्याही आधी येते. अशा ठिकाणी राहुटी ठोकणारा प्रवासी दोघांच्याही वाटेत आडवा येतो, आणि दोघांपैकी कोणाशी आधी गाठ पडेल हे सांगता येत नाही.

या भागात मातीचे प्रकारही पुष्कळ आहेत, आणि शेतकऱ्यांनी प्रत्येकाला नाव दिलेले आहे. कन्हार काळी आणि चिकण. सिहार पिवळसर, वाळूमिश्रित, धानाला उत्तम. बरडी म्हणजे खडेगोट्यांची उंचवट्यावरची जमीन. शेतकरी बरडीला नाक मुरडतो, कारण तीत पीक धड येत नाही. पण प्रवाशाला तिच्यासारखी जमीन नाही. अवेळी सर आली तरी तिच्यावरून पाणी निघून जाते. मेख ठोकताना दगड लागून हात झिणझिणतात, एवढाच काय तो त्रास. शेतकऱ्याला नको असलेली जमीन वाटसरूने घ्यावी, यात दोघांचेही भले असते.

पूर्वीच्या काळी या वाटांनी जाणारे लोक आपला तळ कसा निवडीत, हे पाहण्यासारखे आहे. १८८० नंतर या भागात रेल्वे आली. त्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य आणि समुद्राकाठचे मीठ बैलांच्या पाठीवरून जात असे, आणि ते नेणारे बंजारे शेकडो बैलांचे तांडे घेऊन हिंडत. त्यांना सावली महत्त्वाची नव्हती. बैलांना चारा आणि पाणी हवे, आणि चोर किंवा वाघ आला तर दुरून दिसला पाहिजे. म्हणून ते उघड्या माळावर उतरत, धान्याच्या गोण्या एकावर एक रचून त्यांचा कोट करीत आणि त्याच्या आत निर्धास्त झोपत. इंग्रज अधिकाऱ्यांची तऱ्हा वेगळी. हिवाळ्यात जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर निघत. त्यांचे तंबू बहुधा गावच्या आमराईत पडत. तेथे दाट सावली असे, जमीन झाडलेली असे, विहीर जवळ असे. जागा म्हणून आमराई निर्दोष होती. पण साहेबाच्या लवाजम्यासाठी दूध, कोंबड्या, लाकडे, कडबा गावालाच पुरवावा लागे, आणि पुष्कळदा वेठीला माणसेही द्यावी लागत. तंबू आला की गावच्या पोटात गोळा येई आणि तंबू उठला की गाव सुटकेचा श्वास टाकी. त्या आमरायांच्या शीतल छायेचे वर्णन करताना ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

आणि येथील शेतकरी? तो तर आपल्याच शेतात परका होऊन राहतो. धान पोटरीत आले की रानडुकरे रात्री शेतात घुसतात, म्हणून चार मोठी लाकडे पुरून त्यावर तो माळा बांधतो आणि रात्री जागलीला जातो. माळ्याची जागा ठरविताना तो वाऱ्याची दिशा, रानाचा कोपरा, पाण्याची वाट या सगळ्यांचा विचार करतो. पण तो विचार त्याने कधी कोणाला बोलून दाखविलेला नसतो.

एका डिसेंबरात भंडाऱ्याकडील एका शाळेतील गुरुजी आपल्या नऊ विद्यार्थ्यांना घेऊन साकोलीच्या बाजूला गेले होते. दिवसभर चालून ही मंडळी संध्याकाळच्या सुमारास एका खेड्यात पोहोचली. गाव लहान, तलाव मात्र मोठा. उत्तरेला आणि पश्चिमेला टेकड्या, दक्षिणेला लांबच लांब पाळ, पाळीखाली बांध्या आणि त्यांच्या पलीकडे गाव. पोलीस पाटलांना भेटून गुरुजींनी राहण्याची परवानगी घेतली आणि मुलांना म्हणाले, "आता जागा तुम्ही शोधावयाची."

मुलांनी अर्थात पाण्याकडेच धाव घेतली. गुरुजींनी त्यांना नको म्हटले नाही. फक्त गाळात उमटलेले खुरांचे ठसे दाखविले आणि एका ठिकाणी माती उकरून आत रुजलेला हरभरा दाखविला. मुले थोडी हिरमुसली आणि मागे फिरली. मग एकाने पाळीवरची जागा सुचविली. पाळीवरून पाणीही दिसते आणि गावही दिसते, हे खरे. पण पाळ मातीची. तिच्यावर मेखा ठोकावयाच्या, चर खणावयाचे, हे दुसऱ्याच्या घराचा पाया उकरण्यासारखेच झाले; शिवाय पहाटेपासून बैलगाड्या तिच्यावरूनच जाणार. तुडुमाखालची हिरवळही बाद झाली, कारण पाट कधी सुटेल याचा नेम नाही. सर्वांत धाकट्या मुलाने मात्र पाण्याचा हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही. "आपण एकच रात्र राहणार. एका रात्रीत चितळांचे काय बिघडते?" असे तो म्हणाला. या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिले नाही. तो प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

शेवटी तलावाच्या पूर्वेला, उत्तरेकडील टेकडीच्या पायथ्याशी, बरडीचा एक उंचवटा सापडला. वर दोन मोठे ऐन, खाली कोरडी जमीन, तलाव शंभर-दीडशे पावलांवर. पाठीला टेकडी असल्यामुळे वाऱ्यालाही आडोसा. जागेत खोट काढण्यासारखे काही नव्हते. मुलांनी राहुट्या उभारल्या, तीन दगड आणून चूल मांडली, काटक्या गोळा केल्या. एकाने काडी पेटविण्यासाठी पेटी हातात घेतली, तोच खालच्या वाटेने एक वृद्ध शेतकरी वर येताना दिसले. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी सर्वांना रामराम केला, राहुट्या पाहिल्या, चूल पाहिली, मग क्षणभर टेकडीकडे पाहिले.

"गुरुजी, जागा बेस आहे," ते म्हणाले, "पन चूल इथं नोको. राती वारा डोंगरावरून उतरते. खाली माहे पुंजने आहेत."

सर्वांनी खाली पाहिले. उंचवट्याखाली, दोन बांध्यांच्या पलीकडे, धानाच्या पेंढ्यांचे तीन मोठे ढीग रचलेले होते. कापलेले धान मळणी होईपर्यंत असे रचून ठेवतात. त्यालाच इकडे 'पुंजणे' म्हणतात. वाळलेला पेंढा आणि त्यात भरलेले दाणे! मुले मघा त्या ढिगांच्या जवळूनच वर आली होती, आणि त्यांतील एकाने त्यांचे चित्रही वहीत काढले होते. पण चुलीचा आणि त्या ढिगांचा काही संबंध असेल, हे कोणाच्याच मनात आले नव्हते. दिवसभर वारा गावाकडून टेकडीकडे होता. रात्री तो उलटतो, हे त्या वृद्धांना कोणी शिकविले नव्हते. गार हवा उतारावरून खाली सरकते हा भूगोलाचा धडा मुलांनी त्याच वर्षी वाचला होता. त्या तीन ढिगांत एका घराचे वर्षभराचे अन्न होते, बियाणे होते, आणि पावसाळ्यापूर्वी घेतलेल्या कर्जाची फेडही होती. वाऱ्याबरोबर एक ठिणगी खाली गेली असती तर एका घटकेत राखेशिवाय काही उरले नसते.

गुरुजींनी एक शब्दही न बोलता चुलीचे दगड बाजूला केले. एक मुलगा म्हणाला, "आपण चूल पेटवूच नये. चिवडा खाऊन झोपू." यावर ते वृद्ध हसले. "थंडीत लेकरं उपाशी निजवाल का?" असे म्हणून त्यांनी काठीने तलावाच्या पश्चिमेकडे बोट दाखविले. पाळ जेथे संपते तेथे ढिवरांची एक जागा होती. तेथून रात्रीचा वारा पाण्यावर जात होता. ठिणगी उडालीच तर तलावात विझणार.

अंधार पडू लागला होता. ठोकलेल्या मेखा उपटून, राहुट्या गुंडाळून सगळा संसार डोक्यावर घ्यावा लागला. वृद्ध शेतकरी पुढे कंदील घेऊन चालले आणि मागून मुलांची रांग. नवी जागा पहिल्या जागेइतकी चांगली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. सुकत घातलेल्या जाळ्यांमुळे तेथे मासळीचा उग्र वास येत होता. एक डोंगा उलटा करून ठेवलेला होता. जमीन ओबडधोबड होती, झाड एकच होते आणि तेही बाभळीचे. पण तेथे माणसांचा नित्य वावर असल्यामुळे जनावरे तिकडे फिरकत नसत, आणि तीन दगडांची एक काळीकुट्ट चूल आयतीच मांडलेली होती. मुलांनी भात शिजविला. त्या वृद्धांनी घरून भाजीचे गाडगे पाठविले, आणि निरोपाबरोबर असेही कळविले की चूल विझल्यावर तिच्यावर एक तांब्या पाणी ओतावे.

रात्री थंडी कडाक्याची पडली. पुढे शास्त्राप्रमाणे जे व्हावयाचे तेच झाले: गार हवा खाली आली, पाण्यावर धुके जमले आणि राहुट्यांची कापडे ठिबकू लागली. मुलांना धड झोप लागली नाही. पहाटे धाकट्या मुलाने दार सारून पाहिले, तेव्हा धुक्यातून एकामागून एक कादंब हंस उठत होते. ते अगदी जवळून, डोक्यावरून गेले. त्यांच्या पंखांचा आवाज कापड फाटल्यासारखा येत होता. समोरच्या, म्हणजे ज्या काठासाठी त्याने हट्ट धरला होता त्या काठावर, काही आकृती हलताना दिसल्या. चितळे होती की गावातील गुरे, हे धुक्यामुळे त्याला कळले नाही, आणि तो बराच वेळ तसाच पाहत उभा राहिला.

उजाडल्यावर मुक्काम हलविण्याची तयारी सुरू झाली. आपण राहून गेल्याची कोणतीही खूण मागे ठेवावयाची नाही, असा गुरुजींचा नियम होता. मुलांनी कागदाचे कपटेही वेचून घेतले, मेखांचे खड्डे बुजविले, राख गोळा करून मातीत पुरली. दोघा मुलांनी चुलीचे दगडही उचलून दूर नेले. तेवढ्यात एक ढिवर खांद्यावर जाळे टाकून आला. त्याने रिकाम्या जागेकडे पाहिले आणि विचारले, "बाबू, चूल कोनं मोडली?"

मुलांनी आपला नियम त्याला सांगितला. त्याला तो फारसा समजला असे दिसले नाही. तो म्हणाला की ही चूल त्याच्या बापाच्या वेळेपासून येथेच आहे. मासे धरून आले की सगळे ढिवर हिच्यावरच भाजून खातात. मुले ओशाळली. धावत जाऊन त्यांनी तिन्ही दगड आणले आणि जेथे जमीन काळी झालेली होती तेथे आठवेल तसे मांडले. ढिवर जवळ येऊन खाली बसला. त्याने तिसरा दगड उचलून थोडासा वळविला, चुलीचे तोंड टेकडीच्या वाऱ्यापासून बाजूला केले आणि जाळे सोडवावयास बसला.